पीकरक्षणासाठीं एकनळी बंदूक व तिचें काडतूस

ज्वारी हुरड्यांत आली, भुईमूग पोसला व उसास कांडी धरली, कीं रानडुकरांच्या धाडी सुरू होतात. बीड जिल्ह्यांतील बालाघाटाच्या डोंगरपट्टींत, सिंदफणा व गोदावरी यांच्या कांठीं आणि माजलगांव धरणाखालील उसाच्या रानांत हा उपद्रव शेतकऱ्यांस नवा नाहीं. डुकरांचा कळप एका रात्रींत नांगरटीसारखें शेत उकरून टाकतो. रोही खातात त्याहून अधिक तुडवितात. अशा प्रसंगीं एखादें हत्यार जवळ असावें असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु कोणतें हत्यार, कोणतें काडतूस व कोणत्या अधिकारानें, याचा विचार फार थोडे लोक करतात. पुष्कळांच्या मनांत आधीं बंदूक अगर पिस्तूल येतें, मग दुकानांत मिळेल तें काडतूस, आणि परवानगीची आठवण सर्वांच्या शेवटीं. निवडीचा खरा क्रम याच्या अगदीं उलट आहे. आधीं परवानगी, मग काडतूस आणि शेवटीं बंदूक, या क्रमानें जो जाईल त्याचें पीकही वांचेल व शेजाऱ्याचा जीवही सुरक्षित राहील. तोच क्रम येथें धरला आहे.

कोणतें जनावर मारतां येतें.— वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालीं झाला, आणि १९९१ च्या दुरुस्तीनें परवाना काढून छंदासाठीं शिकार करण्याची वाटही बंद झाली. शिकार या शब्दांत केवळ गोळी घालणें येतें असें नाहीं. फांसे लावणें, विष घालणें व तसा नुसता प्रयत्न करणें, हेंही त्यांत येतें. पुढें २०२२ सालीं या कायद्याची मोठी दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्याप्रमाणें रानडुक्कर व रोही हीं दुसऱ्या अनुसूचींत आहेत. या अनुसूचींतील जनावर उभ्या पिकास अपायकारक झालें असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यासाठीं अधिकार दिलेला वनाधिकारी तें मारण्याची परवानगी कारणें नमूद करून लेखी देऊं शकतो. अशा परवानगीवांचून, जवळ बंदुकीचा परवाना असला तरी, डुकरावर बार टाकणें हा गुन्हाच आहे. बंदुकीचा परवाना व जनावर मारण्याची परवानगी हे दोन निराळे कागद आहेत. पहिला जिल्हादंडाधिकारी देतात, दुसरा वनखातें देतें. मारलेलें जनावर सरकारची मालमत्ता होतें. त्याची वांटणी गांवांत करतां येत नाहीं.

काळवीट, मोर, लांडगा व बिबट्या हे पहिल्या अनुसूचींत आहेत. पाटोदें तालुक्यांतील नायगांवास मोरांसाठीं अभयारण्य आहे आणि काळविटांचे कळप आपल्या माळांवर नेहमीं दिसतात. त्यांनीं हरभऱ्याचें कितीही नुकसान केलें तरी शेतकऱ्यास त्यांच्यावर हत्यार उचलतां येत नाहीं. पहिल्या अनुसूचींतील प्राण्याची शिकार केल्यास तीन ते सात वर्षें कैदेची शिक्षा आहे. नोव्हेंबर २०२० मध्यें आष्टी तालुक्यांत माणसांचे बळी घेणारा बिबट्या पुढील महिन्यांत सोलापूर जिल्ह्यांतील करमाळा तालुक्यांत मारला गेला, तोही वरिष्ठ वनाधिकाऱ्यांच्या हुकुमानेंच. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वांचवितांना प्रामाणिकपणें केलेला प्रतिकार मात्र कायद्यानें गुन्हा ठरत नाहीं.

हत्याराचा परवाना.— १९५९ च्या शस्त्र कायद्याचें तेरावें कलम प्रत्येक शेतकऱ्यानें समजून घेण्याजोगें आहे. पीकरक्षणासाठीं त्यांत प्रथम ठासणीची बंदूक सांगितली आहे. ती पुरेशी नाहीं अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर ज्या गुळगुळीत नळीची लांबी २० इंचांहून कमी नाहीं अशा दुसऱ्या बंदुकीचा परवाना त्यांस देतां येतो. म्हणजे पीकरक्षणाचें हत्यार कोणतें, याचें उत्तर कायद्यानेंच बहुतांशीं दिलें आहे. तें हत्यार लांब नळीचें आहे. पिस्तुलाचें त्यांत नांव नाहीं.

पिस्तूल शेतास कां निरुपयोगी.— परदेशीं पिस्तुलानें शिकार होत नाहीं काय, असें कोणी विचारील. होते. अमेरिकेंत एका वेळीं एकच काडतूस घेणारीं मोठीं पिस्तुलें खास शिकारीसाठीं निघालीं; १९६३ सालचें रेमिंग्टन कंपनीचें एक्स-पी-१०० व १९६७ सालचें थॉम्प्सन-सेंटर कंपनीचें काँटेंडर हीं त्यांपैकीं प्रसिद्ध आहेत. पण त्यांची नळी सामान्यतः १० ते १४ इंच लांब असते, त्यांत बहुधा रायफलीच्या जातीचें जोरकस काडतूस घालतात, वर दुर्बीण बसवितात आणि हात कशावर तरी टेकवून नेम धरतात. नांवास तें पिस्तूल असलें तरी कामास तोकडी रायफलच होय. आपल्याकडे सामान्य नागरिकास ज्याचा परवाना मिळूं शकतो तें ०.३२ बोअरचें पिस्तूल अगर रिव्हॉल्व्हर ही वस्तू निराळी आहे. ०.३२ रिव्हॉल्व्हरच्या गोळीचें वजन सुमारें सवासहा ग्रॅम व जोर शंभर ते सवाशें फूट-पौंड असतो. बारा बोअरच्या एकगोळी काडतुसाची गोळी सुमारें एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम, व तिचा जोर दोन हजार फूट-पौंडांच्या आसपास असतो. जाड कातड्याच्या व चरबीच्या डुकरास पहिली गोळी जखमी करील, मारणार नाहीं. आणि जखमी डुकराएवढें भयंकर जनावर आपल्या रानांत दुसरें नाहीं.

नेमाचा हिशेब तर आणखी स्पष्ट आहे. लहान रिव्हॉल्व्हरवर मागची खांच व पुढची माशी यांत सुमारें १० सेंटिमीटरांचें अंतर धरूं. नेम धरतांना माशी एक मिलिमीटर जरी ढळली, तरी ३० मीटरांवर गोळी ३० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक वीत व वर चार बोटें, बाजूस जाते. लांब बंदुकीवर हेंच अंतर ७० सेंटिमीटर असलें, तर तेवढ्याच चुकीनें गोळी अवघी सवाचार सेंटिमीटर सरकते. शिवाय लांब बंदुकीस खांद्याचा, गालाचा व दोन्ही हातांचा आधार मिळतो. पिस्तुलास फक्त हाताचा. अंधारांत, जागरणानें थकलेल्या माणसाचा हात किती स्थिर राहील, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

गांवठी कट्ट्याविषयीं दोनच वाक्यें पुरेत. ज्या लोखंडाची परीक्षा झालेली नाहीं त्या नळींतून बार काढणाराच्या तोंडावर ती फुटण्याचा संभव असतो. आणि विनापरवाना बंदूक बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षें व कमाल पांच वर्षें कैदेची शिक्षा आहे.

आपल्या जिल्ह्यास हा विषय आणखी एका कारणानें जिव्हाळ्याचा झाला आहे. २०२४ च्या अखेरीस एका सरपंचाच्या खुनानंतर जिल्ह्यांतील शस्त्रपरवान्यांची सर्वत्र चर्चा झाली, आणि २०२५ सालीं त्यांपैकीं पुष्कळ परवाने रद्द करण्यांत आले. कमरेस लावून मिरविण्याच्या हत्यारानें खऱ्या शेतकऱ्याच्या अर्जाकडेही संशयानें पाहण्याची वेळ आणली. लग्नांत अगर मिरवणुकींत हवेंत बार काढणें हाही २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. पीकरक्षणाची बंदूक हें नांगर-कुळवासारखें शेतीचें अवजार आहे. शेताबाहेर तिचें काम नाहीं.

काडतूस.— बारा बोअर म्हणजे काय, तें आधीं सांगतों. नळींत बरोबर बसणाऱ्या शिशाच्या गोल गोळ्या एका पौंडांत बारा बसतात, म्हणून ती नळी बारा बोअरची. तिचा व्यास ०.७२९ इंच, म्हणजे साडेअठरा मिलिमीटर असतो. बोअरचा आंकडा जितका मोठा तितकी नळी लहान. वीस बोअरची नळी बारापेक्षां अरुंद असते. बारा बोअरचीं काडतुसें आपल्या देशांत सर्वत्र मिळतात, म्हणून शेतकऱ्यानें हीच जात घ्यावी.

काडतुसाच्या टोकावर किंवा अंगावर छर्र्याचा क्रमांक छापलेला असतो. नेहमींच्या सुमारें एक औंसाच्या भरणींत एल. जी. चे सहा, एस. जी. चे आठ-नऊ, ए. ए. ए. चे पस्तीसच्या आसपास, बी. बी. चे सत्तरच्या आसपास व चार नंबरचे पावणेदोनशेंच्या आसपास छर्रे बसतात. वजन तेंच, वांटणी निराळी. चार नंबरचा छर्रा पक्ष्यासाठीं आहे. तो डुकराच्या कातड्यांत रुततो व जनावर जखम घेऊन पळतें. पुष्कळ छर्रे म्हणजे खात्रीचा बार, ही समजूत डुकराच्या बाबतींत सर्वस्वीं चुकीची आहे. बी. बी. व ए. ए. ए. हींही या कामास हलकींच.

डुकरासाठीं एल. जी. किंवा एस. जी., तेंही जवळच्या अंतरावर, वापरावें. खुल्या नळींतून निघालेले मोठे छर्रे अंदाजे दर यार्डास एक इंच पसरतात. ३० यार्डांवर त्यांचा पसारा तीस इंचांचा होतो. सहा छर्रे तीस इंचांत विखुरले, तर डुकराच्या पुढच्या पायामागील मर्मस्थानीं एखादाच लागेल किंवा एकही लागणार नाहीं. म्हणून २५ यार्डांपलीकडे या काडतुसाचा भरंवसा धरूं नये. रोही डुकराहून पुष्कळ थोराड असतो. नर दोनशें किलोच्याही वर जातो. त्याच्यासाठीं छर्र्यांचें काडतूस अपुरें आहे; परवानगी असेल तर एकगोळी काडतूसच हवें, आणि तेंही चाळीस यार्डांच्या आंत.

छर्रा किती लांब जातो.— जनावर किती अंतरावर मरतें याबरोबर, चुकलेला छर्रा कोठवर जाऊन पडतो, हेंही काडतूस निवडतांना पाहिलें पाहिजे. फ्रेंच सेनापति जुर्ने यांनीं यासाठीं एक सोपा नियम दिला आहे. छर्र्याचा व्यास इंचांत घेऊन त्यास २,२०० नीं गुणावें. जो आंकडा येईल तितके यार्ड तो छर्रा जास्तींत जास्त जातो. एल. जी. चा व्यास ०.३६ इंच आहे. म्हणजे तो सुमारें ७९० यार्ड जाईल. चार नंबरचा छर्रा पावणेतीनशें यार्डांच्या आंतच पडतो. बारा बोअरची पुऱ्या मापाची गोल गोळी याच हिशेबानें दीड हजार यार्डांच्याही पलीकडे जाऊं शकते.

या आंकड्यांचा आपल्या रानाशीं काय संबंध, तें पहा. आपल्या जिल्ह्यांतून हजारों कुटुंबें ऊसतोडीस जातात. आपल्या रानांतही गाळपाच्या दिवसांत टोळ्या फडाशेजारीं कोप्या घालून राहतात. शेजारच्या माळ्यावर कोणी जागलीस असतो, बांधापलीकडे मेंढपाळाचा वाडा उतरलेला असतो. अंधारांत बार टाकणारास यांपैकीं कोणी दिसत नाहीं. म्हणून बार नेहमीं खालच्या दिशेनें, म्हणजे उंच मचाणावरून जमिनीकडे टाकावा. चुकलेला छर्रा मऊ काळ्या मातींत रुतून जातो. बालाघाटाच्या खडकाळ मुरमाड जमिनींत मात्र गोळी दगडावर आपटून भलतीकडे उसळते. तेथें पाठीमागें मातीचा चढ असल्याखेरीज एकगोळी काडतूस वापरूंच नये. आणि फडांत पानें हललीं म्हणून त्या हालचालीवर बार टाकणें हें तर कधींही करूं नये. जें डोळ्यांस पुरतें दिसलें नाहीं तें डुक्कर नव्हे, असेंच समजावें.

बंदूक.— काडतूस ठरलें कीं बंदूक जवळजवळ आपोआप ठरते. मधून मोडून उघडणारी, २८ किंवा ३० इंच नळीची, बाहेरून घोडा असलेली बारा बोअरची एकनळी बंदूक या कामास उत्तम. तिचें वजन साधारण तीन किलो असतें. बाहेरचा घोडा चढलेला आहे कीं उतरलेला, हें अंधारांतही अंगठ्यानें चांचपतां येतें. एका बारानंतर दुसरें काडतूस हातानें भरावें लागतें, हा तिचा दोष मानतात. पीकरक्षणाच्या कामांत तो गुण आहे. एकच बार आहे हें ठाऊक असलेला माणूस थांबतो, जनावर जवळ येऊं देतो व नीट पाहून चाप ओढतो. दुनळी घेणारा पुष्कळदां पहिला बार घाईनें टाकतो.

नळीचें तोंड किती आंवळलेलें आहे, हें विकत घेतांना अवश्य विचारावें. त्यास चोक म्हणतात. पुऱ्या चोकांत तोंड आंतील नळीहून सुमारें एक मिलिमीटर अरुंद असतें. लहान छर्रे त्यामुळें एकत्र राहतात. पण पुऱ्या मापाची गोल गोळी अशा तोंडांतून काढल्यास नळीस अपाय होतो. मोठे छर्रेही पुऱ्या चोकांतून कित्येकदां एकमेकांवर दाबले जाऊन वेडेवांकडे जातात. म्हणून खुली किंवा थोडीच आंवळलेली नळी घ्यावी.

ठासणीची बंदूक स्वस्त पडते व कायद्यानें तिला पहिला मान दिला आहे. परंतु तिच्यांत दारूचें माप दरवेळीं माणसाच्या हातीं असतें. पावसाळी हवेंत दारू सर्दावते व टोपी उडूनही बार निघत नाहीं. मग भरलेलें विसरून पुन्हा ठासलें, कीं नळी फुटते. ती वापरणारानें दारू मापानेंच घालावी व नळी भरलेली असतांना गज आंत किती जातो याची खूण गजावर करून ठेवावी. गज त्या खुणेपर्यंतच अडला तर बंदूक भरलेली आहे, खुणेच्या खालीं गेला तर रिकामी, हें तात्काळ कळतें.

जुनी बंदूक घेतांना.— वडिलार्जित अथवा जुनी बंदूक घेणारानें तीन गोष्टी पहाव्या. पहिली, काडतुसाच्या घराची लांबी. जुन्या बंदुकींचें घर बहुधा ६५ मिलिमीटरांच्या काडतुसाचें असतें. काडतुसाची लांबी तें उडाल्यावर उलगडलेल्या नळकांड्याची मोजतात. म्हणून ७० मिलिमीटरांचें न उडालेलें काडतूस ६५ च्या घरांत बसतें व धोका दिसत नाहीं. उडतांना मात्र त्याचें तोंड उलगडण्यास जागा उरत नाहीं व आंतील दाब फार वाढतो. दुसरी गोष्ट, नळीवरील परीक्षेच्या खुणा. ज्या जुन्या नळीवर वळणांची नक्षी दिसते ती लोखंडाच्या पट्ट्या गुंडाळून केलेली असते. काळ्या दारूसाठीं केलेल्या अशा नळींत आजचीं काडतुसें घालूं नयेत. तिसरी, घरांत वीस बोअरचें काडतूस असूं देऊं नये. तें बाराच्या नळींत पुढें घसरून अडकतें. बंदूक रिकामी समजून मागून दुसरें घातलें कीं नळी फुटते. शंका असेल तेव्हां परवानाधारक कारागिरास बंदूक दाखवावी.

परीक्षा.— बंदूक व काडतूस यांची जोडी बसते कीं नाहीं, हें कागदावर पहावें. त्यासाठीं परवानगी असलेल्या चांदमारीच्या जागीं जावें. चार फूट चौरस कागदावर मध्यें एक वीत रुंदीचें वर्तुळ काढावें व १५, २० आणि २५ यार्डांवरून प्रत्येकीं दोन-दोन बार टाकावे. ज्या अंतरापर्यंत निम्मे छर्रे एका हाताच्या चौकोनांत व त्यांतील निदान दोन वर्तुळांत लागतात, तें आपल्या बंदुकीचें अंतर. तेवढें अंतर मचाणापासून पावलांनीं मोजून शेतांत चुन्याच्या दगडांची खूण करावी. खुणेच्या आंत आलें तरच जनावर, नाहींतर नाहीं.

बंदुकीपलीकडे.— बंदूक हा शेवटचा उपाय आहे. कळपांतील एक डुक्कर मारल्यानें बाकीचे कांहीं रात्री येत नाहींत, पण पुढें पुन्हा येतात. सौर यंत्राच्या झटक्याचें कुंपण, दोघां-चौघां शेजाऱ्यांची पाळीची जागल आणि फडाच्या कडेचें गवत वेळेवर काढणें, हे उपाय आधीं करावे. विजेच्या तारेंतून थेट प्रवाह कुंपणास सोडणें मात्र माणसांच्या जिवावर बेततें व तो गुन्हाही आहे. नुकसान झालें तर विनाविलंब वनखात्यास कळवून पंचनामा करवून घ्यावा व भरपाई मागावी. निवडणुकीच्या काळांत बंदूक जमा करण्याचा हुकूम निघाल्यास, आणि निवडणुका पुष्कळदां सुगींतच येतात, त्या आठवड्यांची सोय आधींच करून ठेवावी.

जखमी जनावर उसांत शिरलें तर रात्रीं त्याच्या मागें कोणीही जाऊं नये. बंदूक उतरवून, रिकामी करून, उजाडेपर्यंत थांबावें व वनखात्याच्या माणसांस बोलवावें. रात्रभर गेलेलें पीक पुढच्या हंगामांत पुन्हा उभें राहतें. मचाणावरून खालीं उतरण्यापूर्वीं नळी मोडून काडतूस बाहेर काढावें, आणि घरीं आल्यावर बंदूक व काडतुसें निरनिराळ्या कुलपांत ठेवावीं.